घरी रेकॉर्ड केलेला रॅप बीटवर कसा बसवायचा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पोरं हल्ली अहिराणीत रॅप लिहितात, घरीच रेकॉर्ड करतात आणि मिक्सिंगसाठी, म्हणजे आवाज आणि बीट (रॅपखाली वाजणारं तयार संगीत) जुळवण्यासाठी, फाईल पाठवतात. सोबतचा निरोप बहुतेक वेळा एकच असतो: "भाऊ, आवाज बीटवर बसत नाही." लिहिलेलं दमदार असतं, म्हटलेलंही जोरात असतं, पण ऐकताना शब्द बीटच्या मागे कुठेतरी अडकतो. गाण्यात शब्द निसटला तरी चाल उरते. रॅपमध्ये शब्द गेला की ऐकणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. म्हणून इथला प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घ्यायचा: साध्या मोबाईलच्या स्पीकरवर प्रत्येक शब्द कळतो का?

सामान फार लागत नाही. लॅपटॉप, एक साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), माइक, पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) आणि कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालत नाहीत, कारण आवाज उशिरा पोचतो आणि म्हणणारा तालातून सुटतो. सॉफ्टवेअर म्हणून नवख्यांना मी रीपर सुचवतो. ते ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि त्यातलेच इक्यू (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) या कामाला पुरतात. फोनवर करायचं असेल तर बँडलॅब आहे. एफएल स्टुडिओवर हात बसला असेल तर तेच वापरा, सॉफ्टवेअर बदलून आवाज सुधारत नाही.

आधी खोली

आपल्याकडच्या खोल्या रेकॉर्डिंगला कठीण आहेत. सिमेंटच्या उघड्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब नाहीतर पत्रा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे जो टणत्कार ऐकू येतो तोच तुमच्या प्रत्येक शब्दाच्या शेपटीला चिकटणार आहे. पुढे कॉम्प्रेसर लावला की तो अजून वर येतो, कारण कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग आपण सगळंच उचलून घेतो, घुमाऱ्यासकट. घुमारा काढणारे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) मिळतात, पण ते शब्दाची धारही सोबत नेतात.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. खान्देश कापसाचा मुलूख, जाड कापसाची गादी कुठल्याही घरात सापडते. दोन गाद्या काटकोनात उभ्या करा आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहा. माइक तुमच्यासमोर. बहुतेक जण फोम माइकच्या मागे लावतात, पण घरी वापरतो ते बहुतेक माइक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात. माइकच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या पाठीमागे भिंत. त्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट माइकमध्ये शिरतो, म्हणून गादी पाठीमागे हवी. डोक्यावर दोरी बांधून दुहेरी गोधडी टाकली तर स्लॅबचा घुमाराही कमी होतो. पातळ चादर फक्त वरचे, चिरके सूर गिळते. खालचा डब्यासारखा आवाज तसाच ठेवते, त्यामुळे रेकॉर्डिंग मंद आणि कोंदट वाटतं. अंड्यांच्या ट्रेवर पैसे घालवू नका.

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पंखा आणि कूलर बंद करून गाद्यांमध्ये उभं राहणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तरी पंखा बंदच ठेवा. एक कडवं रेकॉर्ड करा, बाहेर या, पाणी प्या, पुन्हा जा. घामाघूम होऊन दमलेल्या आवाजात पुढचं कडवं म्हटलं की दोन कडव्यांचा आवाज दोन माणसांचा वाटतो. पत्र्याच्या घरात भर दुपारी किंवा सूर्य मावळताना रेकॉर्डिंग टाळा, पत्रा तापताना आणि निवताना तडतडतो. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. फोन फ्लाइट मोडवर, फ्रिज तेवढ्यापुरता बंद.

हेडफोनमध्ये सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर तो विजेचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५०, १००, १५० हर्ट्झला बसलेला असतो. पुष्कळ जुन्या घरांच्या वायरिंगला नीट अर्थिंग नसतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज जातो.

माइक आणि लेव्हल

कंडेन्सर माइक बारकावे छान पकडतो, पण खोलीतलेही सगळे बारकावे पकडतो. गाद्या लावणं जमत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या आणि चार बोटांवरून म्हणा. कंडेन्सरला एक वीतभर अंतर ठेवा आणि इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करा, त्याशिवाय तो बोलणार नाही. भ, फ, प, घ या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत निघतो. पॉप फिल्टर लावाच, शिवाय माइक तोंडासमोर नेमका न ठेवता किंचित बाजूला सरकवा म्हणजे झोत बाजूने निघून जातो.

लेव्हल लावताना सगळ्यात जोरात म्हणायची ओळ म्हणून बघा. मीटर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान थांबला पाहिजे. फाईल २४ बिट ठेवली की कमी लेव्हलने काही बिघडत नाही. लाल दिवा लागून फाटलेला आवाज मात्र पुन्हा जुळत नाही. बफर साइझ (लॅपटॉप एका वेळी किती आवाज हाताळतो ते) रेकॉर्डिंगला १२८ ठेवा, मिक्सिंगला बसलात की १०२४ करा.

मुख्य आवाजाचे तीन-चार पूर्ण टेक घ्या आणि त्यातून ओळीओळीने चांगलं ते निवडा. मग वेगळ्या ट्रॅकवर डबल, म्हणजे यमकाचे आणि जोर द्यायचे शब्द पुन्हा म्हणून घेतलेले. मग अॅडलिब, म्हणजे ओळींच्या मधले छोटे शब्द आणि आरोळ्या. मुख्य टेक कॉपी करून डबल बनवू नका. तोच आवाज त्याच जागी ठेवला तर तो फक्त मोठा होतो, भरदार होत नाही.

बीट खाली आणा

आवाज बसत नाही या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. नेटवरून घेतलेली बीट आधीच मास्टर झालेली (शेवटी मोठी करून पक्की केलेली) असते, लिमिटरने, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणाऱ्या प्लगइनने, दाबून शून्याला टेकवलेली. तिच्यावर आवाज ठेवायला जागाच नसते. मग पोरं आवाज वाढवतात, मास्टर ट्रॅक (जिथे सगळं एकत्र येतं तो) लाल होतो, लिमिटर दोघांनाही चिरडतो. म्हणून पहिलं काम: बीटचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) ८ डेसिबलने खाली घ्या आणि आवाज तिच्या हिशेबाने लावा. एकूण गाणं हळू वाटेल, वाटू द्या, मोठं करायचं काम शेवटी आहे.

बीट एमपीथ्री नको, वेव्ह फाईल मागा. पैसे देऊन लायसन्स घेत असाल आणि परवडत असेल तर किक (ड्रमचा जड ठोका), ८०८ (खोल बास), मेलडी अशा सुट्या फाईली घ्या. लायसन्सची पावती जपून ठेवा. यूट्यूबवर क्लेम आला तर तीच कामी येते.

एक ओळ जवळून

आता प्रत्यक्ष काम. समजा ओळ आहे: "तू कथा जास भो, घरनी वाट सोडीसन". तू कुठे चाललास भावा, घरची वाट सोडून. नव्वदच्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला नव्वद ठोक्यांवर, म्हटलेली.

प्लगइन उघडायच्या आधी ही ओळ नुसती ऐका आणि तिची लाट (पडद्यावर दिसणारा आवाजाचा आलेख) बघा. 'कथा'चा 'क' जोरात आलाय. 'भो'वर लाट एकदम फुगलीय, हवेचा झोत. 'सोडीसन'पर्यंत दम संपलाय, 'सन' जवळजवळ गेलंच. यमक नेमकं तिथेच आहे. तर 'सोडीसन'चा तुकडा कापून त्याचा क्लिप गेन (त्या तुकड्यापुरता आवाज) २-३ डेसिबलने वाढवा, 'भो'चा सुरुवातीचा भाग तेवढाच कमी करा. कापलेल्या जागी छोटा क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत विरवणं) द्या, नाहीतर टिक ऐकू येईल. ओळीआधीचा श्वास पुसून टाकू नका, ५-६ डेसिबलने कमी करा. श्वास नसलेला रॅप यंत्राने म्हटल्यासारखा वाटतो. पूर्ण गाण्यावर असं ओळीओळीने फिरायला एक संध्याकाळ जाते. ती जाऊ द्या. नंतरच्या कुठल्याही प्लगइनपेक्षा या संध्याकाळचा फायदा जास्त आहे, कारण कॉम्प्रेसरला मग कमी राबावं लागतं.

इक्यू. पुरुषाचा आवाज असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. तिथे शब्द नसतो, तिथे टेबलाचा धक्का, रस्त्यावरचा ट्रक आणि 'भो'चा झोत असतो. मग २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज कोंदट वाटतो का बघा. एक अरुंद बँड वाढवून हळूहळू फिरवा, जिथे फार घुमतं तिथे ३ डेसिबल कमी करा. नाकातला आवाज बहुधा ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास सापडतो. शब्द पुढे आणायचा असेल तर ३ ते ५ किलोहर्ट्झला २ डेसिबल द्या. सगळं बीट चालू ठेवून करा. एकटा आवाज ऐकून केलेला इक्यू बीट लावली की चुकीचा ठरतो.

कॉम्प्रेसर. एकाच कॉम्प्रेसरने १० डेसिबल दाबण्यापेक्षा दोन हलके लावा. पहिला ४:१ (मर्यादेच्या वर ४ डेसिबल गेलेलं १ वर आणणारा), अटॅक (दाबायला सुरुवात व्हायला लागणारा वेळ) ५ ते १० मिलिसेकंद, सुई ३ ते ५ डेसिबल हलेल इतपत. दुसरा २:१, जरा संथ, २ डेसिबलपुरता. अटॅक अगदी शून्याकडे नेला तर 'वाट'मधला 'ट', 'कथा'मधला 'क' यांची टोकं बोथट होतात, आणि रॅपचा ताल व्यंजनांवरच चालतो. पहिल्याच्या रिलीजचा (दाब सोडायला लागणाऱ्या वेळेचा) हिशोब टेम्पोवरून करा. ९० च्या टेम्पोत एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १६७. सोळाव्या मात्रेने म्हणत असाल तर दर १६७ मिलिसेकंदांना नवं अक्षर येतं. रिलीज ५० ते ८० ठेवली की पुढचं अक्षर यायच्या आत कॉम्प्रेसर मोकळा होतो. ३०० ठेवली तर तो सुटतच नाही आणि सगळी ओळ एका पातळीवर सपाट होते.

डी-एसरकडे (टोचणारा 'स' दाबणाऱ्या प्लगइनकडे) अहिराणीवाल्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं. करस, जास, येस: आपली क्रियापदंच 'स'वर थांबतात. त्यात वाक्यावाक्याला 'शे' (आहे). कॉम्प्रेसर आणि ३-५ किलोहर्ट्झची वाढ या दोन्हींमुळे हे 'स' आणि 'श' कानात टोचायला लागतात. 'स'चा जोर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झला असतो, 'श'चा त्याच्या खाली, ३ किलोहर्ट्झपासूनच सुरू होतो. डी-एसर नेहमीसारखा ७ किलोहर्ट्झला लावला तर 'जास' मऊ होतो आणि 'शे' तसाच टोचत राहतो. माझी पद्धत अशी: 'स'साठी डी-एसर, 'श'साठी टीडीआर नोव्हासारख्या फुकट मिळणाऱ्या डायनॅमिक इक्यूचा एक बँड ३.५ किलोहर्ट्झला, 'शे' आला तेवढ्यापुरता दाबणारा. तरी एखादा 'शे' उरला तर त्याची क्लिप हाताने कमी करा. फार दाबलं की मात्र म्हणणारा बोबडा वाटतो. ३ ते ५ डेसिबलवर थांबा.

थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर मिसळणारी हलकी विकृती) दिलं तर मोबाईलच्या स्पीकरवर आवाज भरीव लागतो. थोडं म्हणजे चालू-बंद केल्यावरच फरक कळेल इतकं. ऑटो-ट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं) फक्त हुकमध्ये (परत परत येणाऱ्या ओळींत), आणि गाण्याची पट्टी त्यात नीट निवडून. कडव्यांवर ते लावायचं ठरवलं तर अहिराणीतले हेलकावे जातात. मला ते पटत नाही, पण हा आवडीचा भाग.

आवाजाला जागा आणि खोलपणा

रिव्हर्ब (मुद्दाम दिलेला घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) थेट आवाजाच्या ट्रॅकवर लावू नका, वेगळ्या ट्रॅकवर लावा आणि तिथे आवाजाची प्रत सेंडने पाठवा. रॅपला लांब रिव्हर्ब चालत नाही, एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. प्लेट प्रकारचा, एक सेकंदाच्या आतला, प्री-डिले ३० मिलिसेकंद. प्री-डिलेमुळे शब्द आधी कोरडा पोचतो, जागा मागून येते. त्या रिव्हर्बच्या ट्रॅकवर ३०० हर्ट्झच्या खाली आणि ६ किलोहर्ट्झच्या वर कापा, नाहीतर प्रत्येक 'स' रिव्हर्बमध्ये सळसळत राहतो. सेंड वाढवत न्या, रिव्हर्ब ऐकू यायला लागला की तिथून जरा मागे या.

डिले ओळीच्या शेवटच्या शब्दापुरताच उघडा. ९० च्या टेम्पोत अर्ध्या ठोक्याचा डिले ३३३ मिलिसेकंदांचा. ६०,००० ला टेम्पोने भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात, हे पाठ करून ठेवा.

मुख्य आवाज मधोमध. डबल ६ ते ८ डेसिबल खाली, त्यांच्या तळाला १५० हर्ट्झपर्यंत कापलेलं, आणि त्यांच्यातले 'स' मुख्य आवाजापेक्षा जास्त दाबलेले. दोन ट्रॅकवर 'जास'चा 'स' एकाच क्षणी पडत नाही, 'स-स' असं ऐकू येतं. डबलमधला 'स' फेड करून टाकला की हा त्रास संपतो. अॅडलिब डावीकडे-उजवीकडे पसरवा, रिव्हर्ब त्यांना मोकळ्या हाताने द्या.

मग बीटमध्ये आवाजासाठी खिडकी उघडा. बीटवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २ डेसिबल कमी. डायनॅमिक इक्यूला आवाजाचा साइडचेन देता आला तर उत्तम, म्हणजे म्हणणारा बोलेल तेव्हाच बीट बाजूला होते आणि मधल्या जागेत पुन्हा भरून येते.

मिक्स पूर्ण झालं का, हे हेडफोनवर ठरवू नका. फाईल मोबाईलवर टाका आणि स्पीकरवर हळू आवाजात ऐका. ज्याने गाण्याचे बोल वाचलेले नाहीत अशा मित्राला ऐकवा आणि कुठला शब्द कळला नाही ते विचारा. तुम्हाला बोल पाठ असतात, त्यामुळे तुमचा कान न आलेला शब्दही भरून घेतो. मोबाईलवर ८०८ गायब होत असेल तर तिची लेव्हल वाढवू नका. इतका खालचा आवाज तो स्पीकर काढूच शकत नाही. सॅच्युरेशनने ८०८ ला वरचे सूर द्या, मग ती मोबाईलवरही कळते. नंतर मिक्स मोनो करून ऐका. लग्नातल्या, मिरवणुकीतल्या साउंडवर बऱ्याच ठिकाणी मोनोच वाजतं. मोनोत अॅडलिब किंवा डबल बुडत असतील तर स्टिरिओ रुंद करणारं प्लगइन काढून टाका. ट्रॅक्टरच्या टेपवर ऐकायची सोय असेल तर तीही सोडू नका. इंजिनच्या आवाजातून जो शब्द ऐकू येतो तो कुठेही ऐकू येतो.

मास्टरिंग

मास्टरिंगने खराब मिक्स सुधारत नाही. हे काम छोटं आहे आणि शक्य तर मिक्सनंतर एक दिवस सोडून, ताज्या कानाने करा. मिक्सचा पीक उणे ६ डेसिबलच्या आसपास असू द्या. मास्टर ट्रॅकवर एक हलका इक्यू, फारतर १ डेसिबलची इकडेतिकडे. मग २:१ चा कॉम्प्रेसर, सुई १-२ डेसिबल हलेल एवढा. शेवटी लिमिटर, त्याची सीलिंग (वरची मर्यादा) उणे १ डेसिबल ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक). एमपीथ्री किंवा स्ट्रीमिंगसाठी फाईल दाबली जाते तेव्हा पीक थोडे वर जातात, त्यासाठी ही जागा सोडायची.

किती मोठं करायचं? स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतात. त्याहून मोठं गाणं खाली आणलं जातं. हळू गाणं यूट्यूब वर उचलत नाही. म्हणून उणे १४ च्याही खाली राहू नका, आणि उणे ६ गाठायच्या नादात लिमिटरने किकचा जीव घेऊ नका. रॅपला उणे १० ते उणे ९ चा आवाज दमदार वाटतो आणि फाटतही नाही. मोजायला यूलिन लाउडनेस मीटर फुकट मिळतो. तुलनेसाठी एक आवडतं रॅप गाणं प्रोजेक्टमध्ये वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, पण त्याचा फेडर खाली आणून तुमच्या मिक्सच्या बरोबरीला लावा. मोठं वाजणारं गाणं नेहमीच चांगलं वाटतं आणि माणूस फसतो.

फाईली काढताना

मास्टर २४ बिट वेव्हमध्ये काढा. वितरक १६ बिट, ४४.१ मागत असेल तर ती फाईल वेगळी काढा आणि फक्त तेव्हाच डिदर (बिट कमी करताना होणारा बिघाड झाकणारा बारीक आवाज) चालू करा. फाईल दुसऱ्याला पाठवताना ड्राइव्हची लिंक द्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्याच बैठकीत अजून दोन फाईली काढून ठेवा. एक आवाज नसलेली, नुसती बीट, मास्टर केलेली. दुसरी मुख्य आवाज बंद आणि डबल, अॅडलिब, हुक चालू असलेली. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा गणपतीच्या मंडपात म्हणायला बोलावलं की हीच दुसरी फाईल लावायची. दम लागला तरी हुक आणि डबल मागून साथ देतात, आणि साउंडवाल्याला ऐनवेळी काही जुळवत बसावं लागत नाही. फाईलच्या नावात गाण्याचं नाव, टेम्पो आणि पट्टी लिहा. सहा महिन्यांनी रिमिक्स करायचा ठरला तर शोधाशोध वाचते.